विम्बल्डनच्या कपात भोसल्यांचं सोनं? काहीही!

‘विम्बल्डनचा कप नागपूरकर भोसल्यांच्या लुटलेल्या खजिन्यातल्या सोन्याचा आहे,’ हा मेसेज सध्या गावभर फिरून राहिला. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हाही मी गप्प होतो. पण रामनगरच्या कोर्टवर रोज टेनिस खेळणाऱ्या भाचीनं त्यातली शेवटची ओळ वाचून विचारलं, “मामा, आपल्याला तिथं जिंकूच देत नाहीत का?” आता लिहिणं आलं.

आधी ते सोनं. पुरुष एकेरीच्या विजेत्याचा हा कप चांदीचा आहे, वर फक्त सोन्याचा मुलामा. विम्बल्डन स्पर्धा भरवणाऱ्या क्लबनं तो १८८७ साली विकत घेतला, आणि का घेतला हेही जगजाहीर आहे. आधीचे दोन कप तीनदा जिंकणाऱ्याला कायमचे मिळायचे. विल्यम रेनशॉ १८८१ ते १८८६ सलग सहा वर्षं जिंकला आणि दोन्ही घरी घेऊन गेला. म्हणून तिसरा कप कुणालाच कायमचा द्यायचा नाही असं ठरलं. बरं, खजिन्यावर बसलेला क्लब म्हणावा तर १८७७ ची पहिली स्पर्धा मैदानाच्या रोलरच्या दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून भरवली, असं सांगतात.

पुरावा काय, तर कपाच्या झाकणावर अननस आहे आणि ‘अननस हे हिंदुस्थानचं फळ’. अहो, अननस दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे तो पोर्तुगिजांनी आणला. भोसल्यांचाच कप असता तर वर निदान संत्रं तरी असतं!

लूट झाली, हे मात्र कबूल. १८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले, डलहौसीनं राज्य खालसा केलं, हत्ती-घोडे लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला विकलं गेलं. २०२५ मध्ये पहिल्या रघुजींची तलवार राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून परत मिळवली, तेव्हापासून तिथली प्रत्येक चकाकती वस्तू आपलीच वाटायला लागलीय लोकांना. असल्या थापांमुळे उद्या खऱ्या लुटीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

पुढचा मुद्दा: ‘१९३९ साली गौस महंमद जिंकले, इंग्रजांनी नाव खोडलं.’ विम्बल्डनच्या संकेतस्थळावर १८७७ पासूनचे ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळलं याचे तक्ते, आहेत. १९३९ चा उघडा. गौस महंमद क्वार्टरफायनलला पोचले, तिथवर जाणारे पहिले भारतीय, आणि बॉबी रिग्जकडून हरले. रिग्जच पुढे विजेता ठरला. नाव जिथल्या तिथं आहे.

आणि ते ‘जिंकू देत नाहीत’. एकेरीचं मुख्य विजेतेपद आजवर एकाही भारतीयाला मिळालेलं नाही, लूट सोडली तर मेसेजमधलं एवढंच खरं. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये सेमीफायनलला हरले, दुसऱ्यांदा तर समोर रॉड लेव्हरसारखा दिग्गज होता. त्याला कट म्हणायचं? ज्युनिअरचं विजेतेपद कृष्णन (१९५४), त्यांचा मुलगा रमेश (१९७९) आणि लिअँडर पेस (१९९०) यांनी मिळवलं. १९९९ मध्ये पेस-भूपती पुरुष दुहेरीत जिंकले, २०१५ मध्ये सानिया मिर्झा महिला दुहेरीत. भाचीसाठी आणखी एक नाव: लीला राव. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला, तीही १९३४ साली, इंग्रजांचंच राज्य असताना.

राहिला पांढऱ्या कपड्यांचा मुद्दा, म्हणे गोऱ्यांशिवाय कुणी दिसू नये म्हणून तो नियम. १९५७ मध्ये अल्थिया गिब्सन ही कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू त्याच पांढऱ्या कपड्यांत महिला एकेरी जिंकली आणि राणी एलिझाबेथनं स्वतः तिच्या हातात महिला विजेतीला मिळणारं चांदीचं ताट दिलं.