मँचेस्टरचा सोमवार आणि लातूरचा सकाळचा खेळ

मराठी चित्रपटाला पडदे मिळत नाहीत, ही तक्रार महाराष्ट्रात दर काही महिन्यांनी नव्याने उसळते. त्याच शुक्रवारी एखादा मोठा हिंदी चित्रपट आला की मराठीचे खेळ कापले जातात, निर्माते समाजमाध्यमांवर व्यथा मांडतात, एखादा पक्ष मल्टिप्लेक्ससमोर आंदोलनाचा इशारा देतो आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत विषय मागे पडतो. एप्रिल 2015 मध्ये तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली, तेव्हा हाच वाद शिगेला पोचला होता. थोड्याच दिवसांत प्राइम टाइमचा अर्थ दुपारी 12 ते रात्री 9 असा रुंदावला आणि मूळ मागणीतला जोर ओसरला. मी मूळची लातूरची असून सध्या इंग्लंडमध्ये मँचेस्टरला राहते. नोकरीच्या वेळा सांभाळून जमेल तितके चित्रपट चित्रपटगृहातच पाहण्याचा माझा नेम आहे. येथून हा वाद वाचताना मला सतत जाणवते की आपण पडद्यांची संख्या मोजतो आणि खेळ कोणत्या वेळी, कोणासाठी लावला आहे, हा प्रश्न मात्र बाजूला ठेवतो.

माझ्या अलीकडच्या एका आठवड्यावरून हे स्पष्ट होईल. सोमवारी ओडिऑन साखळीचा ‘स्क्रीन अनसीन’ हा खेळ होता. त्यात अजून प्रदर्शित न झालेला चित्रपट दाखवतात, पण त्याचे नाव आधी सांगत नाहीत. वयोगटाच्या प्रमाणपत्रावरून प्रेक्षकांनी अंदाज बांधायचा असतो. दिवे मालवल्यावर नाव झळकते, काही जण निराश होऊन उठून जातात आणि बहुसंख्य बसून राहतात. जो चित्रपट पाहायला मी आपण होऊन कधीच गेले नसते, असे कितीतरी चित्रपट मी केवळ या सोमवारांमुळे पाहिले आहेत. आठवड्याच्या मध्यास माझ्याकडे असलेल्या मासिक पासावर सभासदांसाठीचा पूर्वप्रदर्शनाचा खेळ मिळाला. गुरुवारी संध्याकाळी ‘होम’ या कलाकेंद्रात, जे 2015 पासून येथे सुरू आहे आणि जेथे नाटक, चित्रकला व सिनेमा एकाच छताखाली नांदतात, एक परभाषिक चित्रपट पाहिला आणि त्यानंतरच्या चर्चेला थांबले. शनिवारी हिंदी आणि रविवारी दुपारी मराठी, असा तो आठवडा संपला.

यातला मराठी चित्रपट आपोआप आलेला नव्हता. येथे हिंदी, पंजाबी, तेलुगू आणि तमिळ चित्रपटांना साखळी चित्रपटगृहांत बऱ्यापैकी खेळ मिळतात; मराठीला सहसा एखादाच, तोही येथल्या मराठी मंडळातल्या कार्यकर्त्यांनी आधी नावे गोळा केली, किती कुटुंबे येणार याची यादी वितरकाला दिली, तर. म्हणजे ज्या देशात मराठीच्या नावाने ना कायदा आहे ना आंदोलन, तेथेही खेळ लागतो तो प्रेक्षक आधी दिसला म्हणून, आणि वेळ ठरते ती त्या प्रेक्षकाला विचारून. रविवारी दुपारची वेळ आम्हीच मागितली होती, कारण मुलांना घेऊन लीड्स आणि लिव्हरपूलहून येणाऱ्यांना तीच सोयीची होती. सभागृह भरले. हाच चित्रपट लातूरला सकाळी साडेदहाच्या खेळाला लागला होता, असे मला माझ्या चुलतभावाकडून कळले. गंजगोलाईत त्याचे कापडाचे दुकान आहे. फोनवर तो म्हणाला, “अगं, साडेदहाला दुकान उघडावं का पिक्चरला जावं? रात्रीचा असता तर घरचे सगळे घेऊन गेलो असतो.” तीन दिवसांनी तो खेळही उतरवला गेला आणि लातूरमध्ये मराठीला प्रेक्षक नाही, असा निष्कर्ष काढून वितरक मोकळे झाले.

हा निष्कर्ष मला मान्य नाही आणि त्याचे कारण भावनिक नाही. प्राइम टाइमची व्याख्या मुंबईच्या घड्याळावर बेतलेली आहे. कार्यालयातून सहा-सातला सुटणारा, लोकलने घरी जाताना मॉलमध्ये थांबू शकणारा प्रेक्षक तिने गृहीत धरला आहे. मराठवाड्यातल्या शहरांचे घड्याळ निराळे आहे. लातूरची बाजारपेठ रात्री उशिरा आवरते, म्हणून व्यापारी कुटुंबाला साडेनऊचा खेळ हवा असतो. शिकवणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली हजारो मुले तेथे खोल्या घेऊन राहतात आणि त्यांना रविवारचीच काय ती मोकळीक असते. औसा, निलंगा, अहमदपूर या बाजूच्या गावांतून येणाऱ्या माणसाला शेवटची एसटी गाठायची असते, म्हणून त्याच्यासाठी तीनचा खेळच योग्य ठरतो. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांमधून ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. त्या काळात त्या तालुक्यांच्या ठिकाणी प्रेक्षक रोडावतो, तो चित्रपट वाईट म्हणून नव्हे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी येथे रमजानमध्ये रात्रीच्या खेळाचे आणि ईदच्या आठवड्याचे गणित वेगळे असते. जुन्या एकपडदा टॉकीजच्या मालकांना हे सारे तोंडपाठ होते. बारा, तीन, सहा, नऊ अशा त्यांच्या ठरलेल्या वेळा होत्या आणि कोणता चित्रपट लागला आहे हे माहीत नसतानाही माणूस सहाच्या खेळाला निघू शकत असे. मल्टिप्लेक्स आल्यावर खुर्च्या, आवाज आणि स्वच्छतागृहे निश्चितच सुधारली, आणि विशेषतः स्त्रियांसाठी हा फार मोठा बदल होता हे मी आवर्जून नोंदवते. परंतु ही वेळेची शाश्वती मात्र गेली. मराठी चित्रपटाचे खेळ किती वाजता आहेत, हे अनेकदा गुरुवारी रात्रीपर्यंत कळत नाही.

इंग्लंडमध्ये मला जे शिकण्यासारखे वाटते ते नेमके याच बाबतीत आहे. पुढच्या शुक्रवारपासूनचे वेळापत्रक साधारण मंगळवार-बुधवारपर्यंत हाती येते. ज्येष्ठांसाठी आठवड्यातल्या एका सकाळी स्वस्त खेळ असतो, त्यासोबत चहा आणि बिस्किटे मिळतात. तान्ह्या बाळांना घेऊन येणाऱ्या पालकांसाठी आवाज कमी ठेवलेला खेळ असतो, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी उपशीर्षकांचा असतो. यात उदारपणा फारसा नाही. जी खुर्ची एरवी रिकामी राहिली असती ती कोणाला बसायला उपयोगी पडेल, एवढा विचार आहे. लातूरची सकाळ मराठी चित्रपटाला द्यायचीच असेल, तर ती निवृत्त शिक्षकांना आणि त्यांच्या मैतरांना उद्देशून, वर्षभर एकाच वारी आणि परवडणाऱ्या दरात द्यावी.

परदेशातले सगळेच आदर्श आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. मासिक पासाची योजना मला प्रिय आहे, पण अमेरिकेत ‘मूव्हीपास’ने 2017 मध्ये दरमहा 9.95 डॉलरला जवळजवळ रोज एक चित्रपट देऊ केला आणि 2019 मध्ये ती सेवा बंद पडली. ब्रिटनमधल्या ‘सिनेवर्ल्ड’ साखळीला 2022 मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागावे लागले. भारतातही पीव्हीआर आयनॉक्सने ऑक्टोबर 2023 मध्ये 699 रुपयांत सोमवार ते गुरुवार महिन्याला दहा चित्रपटांचा पास आणला होता. दुसरे असे की, ज्या गावात सोमवार ते गुरुवार पाहण्याजोगे दहा चित्रपट लागतच नाहीत, तेथे पास घेऊन करायचे काय? दराबद्दलही वाद पुष्कळ होतात. सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे चांगले झाले आणि लहान गावांतल्या टॉकीजना त्याचा उपयोग होईल. तथापि गैरसोयीच्या वेळेचे तिकीट स्वस्त केले म्हणून ते विकले जाईल, असे नाही.

पूर्वप्रदर्शनाच्या बाबतीत मात्र माझी तक्रार तीव्र आहे. मराठी चित्रपटाचे खास खेळ मुंबईत आणि फार तर पुण्यात होतात, कलाकारांच्या ओळखीच्या लोकांसाठी होतात आणि तेथली छायाचित्रे आम्हा सर्वांना दिसतात. रिळांच्या काळात याला सबब तरी होती. प्रिंटची पेटी मोजक्या प्रतींतून फिरत असे आणि मराठवाड्याच्या लहान गावांत ती पोचेपर्यंत कित्येक आठवडे जात. आता चित्रपट डिजिटल स्वरूपात येतो, ठरल्या दिवसासाठी आणि पडद्यासाठी त्याची सांकेतिक किल्ली पाठवली की तो उदगीरला उघडतो तसाच दादरला उघडतो. तरीही पहिला प्रेक्षक दादरचाच का असावा? ज्या चित्रपटात मराठवाड्याची बोली, दुष्काळ, शेती दाखवली आहे, त्याचा पहिला खेळ नांदेडला किंवा परभणीला बुधवारी रात्री झाला, तर गुरुवारपर्यंत त्या गावात तोंडोतोंडी जे पसरेल ते कोणत्याही फलकाने होणार नाही. दर वर्षी भरणाऱ्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात संभाजीनगरची तरुण मुले सकाळपासून रांगेत उभी असतात, ज्यांची नावेही नीट उच्चारता येत नाहीत अशा देशांचे चित्रपट पाहतात आणि नंतर दिग्दर्शकांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारतात. ही भूक वर्षातून एकदाच भागवायची आणि उरलेले महिने त्याच मुलांना सकाळी साडेदहाचा खेळ द्यायचा, हे मला अन्यायाचे वाटते.

चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाची बाजूही मी ऐकली आहे. आठ प्रेक्षकांसाठी वातानुकूलन चालवणे त्याला परवडत नाही आणि साडेनऊचा खेळ मराठीला देऊन तो रिकामा गेला तर जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणूनच मला सरसकट सक्तीपेक्षा प्रत्येक शहरापुरती एक ठरलेली वेळ महत्त्वाची वाटते. लातूरला रविवारी रात्री साडेनऊ, नांदेडला आणखी कोणती, हे त्या त्या गावातल्या प्रेक्षकांनी आणि व्यवस्थापकांनी बसून ठरवावे. ती वेळ निदान सहा महिने हलवू नये, चित्रपट कोणताही असो. मँचेस्टरमध्ये आमच्या मंडळाने यादी दिली तशी लातूरमध्ये व्यापारी संघटना, महाविद्यालये आणि वाचनालये देऊ शकतात. माझा चुलतभाऊ गंजगोलाईतल्या दुकानदारांची नावे गोळा करायला तयार आहे. पहिल्या सहा रविवारांच्या तिकिटांचे पैसे आगाऊ भरायचीही त्याची तयारी आहे. वितरकाकडून त्याला अजून उत्तर आलेले नाही.