पाटकऱ्याला बोलवा की!

काल लेकाला घेऊन नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी महोत्सवाला जाऊन आले. पावणेपाचला नाशिक सोडलं. निफाडच्या थंडीबद्दल मी वेगळं सांगायला नको, दर हिवाळ्यात पारा कुठे घसरला ते पेपरात पहिल्या पानावर असतंच. रस्त्याच्या कडेने द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटलेल्या, धूर अगदी गाडीच्या काचेपर्यंत आलेला. लेक सहावीत आहे. दचकून म्हणाला, "आई, आग!" आग नाही रे, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून लोक रात्रभर जागतात, असं सांगितलं. तुझ्या पक्ष्यांपेक्षा हे भारी आहे, म्हणाला. सकाळची सुरुवात अशी.

चापडगावच्या मनोऱ्यापाशी पोचलो तेव्हा तांबडं फुटत होतं. महोत्सव नीटनेटका होता, खोटं कशाला बोलू. टेलिस्कोप लावलेले, शाळेच्या पोरांच्या रांगा, चुलीवरची भाकरी आणि पिठलं. गावातली तरुण मुलं गाइड म्हणून उभी होती आणि तीच मला सगळ्यात आवडली. आपण दुर्बीण डोळ्याला लावून फोकस शोधेपर्यंत ही पोरं नुसत्या उडण्याच्या ढबीवरून पक्षी सांगून मोकळी.

पण पाणी तुडुंब होतं.

ज्यांना पक्ष्यांचा नाद नाही त्यांना वाटेल, मग चांगलंच की! तसं नाही. त्या भरल्या पाण्यावर दिसले ते मुख्यतः वारकरी. म्हणजे पक्षी. काळाकुट्ट देह, पांढरी चोच आणि तोच पांढरा रंग वर कपाळापर्यंत चढलेला, गंध लावल्यासारखा. हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा नमस्कार. पौषात इकडे निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकची वाट धरतात, तेव्हाच तिकडे पाण्यावर हे दुसरे वारकरी गर्दी करून असतात. असो. वारकरी पोहतो, बुडी मारतो, त्याला खोल पाणी चालतं. पाणकावळ्यालाही चालतं. पण माझ्या हातातल्या यादीत शेकाट्या होता, तुतवार होता, चमचा होता, कंठेरी चिखल्या होता. चिखल्याचं तर नावच सांगतं की बाबा, मला चिखल लागतो.

दहाच्या सुमारास मामा आले. त्यांचं शेत तिथून जवळच, कालव्याच्या पाण्यावर. सोबत घरच्या द्राक्षांची पिशवी. मी डोळ्याला दुर्बीण लावून बसलेली.

"काय शोधती गं एवढं?"

"मामा, मागच्या वेळी इथे किती पक्षी होते! आज काहीच नाही."

"आवर्तन सुटलंय ना बाई. पाटकरी परवाच म्हणला, अजून आठ दिवस चालंल. आता तुला चिखल कुठं दिसायचा?"

आवर्तन म्हणजे शेतीसाठी कालव्यांना ठरावीक दिवस पाणी सोडायची पाळी, आणि पाटकरी म्हणजे कालव्यावर ते पाणी सांभाळणारा माणूस. सकाळपासून पाणी बघत होते, पण हे पाणी इतकं का, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बांधला तो कालव्यांसाठी. वरच्या धरणांतून पाणी इथे येतं आणि इथून कालव्यांत वळतं. आवर्तन चालू असलं की पातळी चढवून ठेवतात, बंद झालं की पाणी उतरतं आणि काठचा गाळ उघडा पडतो. आता पक्ष्यांच्या अंगाने बघा. चिखल्या ओल्या गाळावर धावतो. तुतवार घोटाभर पाण्यात चोच खुपसतो. शेकाट्याचे ते काडीसारखे लांब गुलाबी पाय त्याहून थोड्या खोल पाण्यासाठी. चमचा उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो. थापट्याची पसरट चोच पाणी गाळून खाणं वेगळं काढते. तलवार बदक शेपूट वर आणि मान खाली करून तळ गाठतं, पण मान पोचेल तिथपर्यंतच. प्रत्येकाची पंगत ठरलेल्या खोलीवर बसते. पाणी हातभर चढलं की अर्ध्या पंगती उठल्या. शेकडो कोसांवरून आलेला पाहुणा दोन दिवसांत दुसरं पाणवठं शोधायला जातो. मनोऱ्यावर आपण म्हणतो, यंदा पक्षी कमी आलेत.

आणि हे सगळं उभं आहे ते गाळावर. शंभरेक वर्षं नद्यांनी गाळ आणून टाकला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, म्हणून पक्षी आले. 1986 साली अभयारण्य झालं, 2019 साली रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव लागलं, महाराष्ट्रातलं पहिलं. धरणाच्या हिशोबात जो तोटा, त्यालाच आपण महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतो. मी मामांना विचारलं, हा गाळ काढला तर? ते म्हणाले, "काढा की, माझ्या वावरात आणून टाका." आता काय बोलणार!

पाणी सोडू नका असं मी म्हणत नाहीये. मामांचा गहू त्याच पाण्यावर उभा आहे, आणि निघताना त्याच कालव्याच्या पाण्यावरचा हरभरा मी पदरभर सोलून खाल्लाय. शिवाय वेचणी झालेल्या वावरांत क्रौंच उतरतात, ते काय माझ्या कवितेसाठी येतात का? सांडलेल्या दाण्यांसाठीच ना! माझं म्हणणं एवढंच, की अख्ख्या महोत्सवात पक्षी कुठून येतात यावर भाषणं झाली, पट्टकदंब हिमालय ओलांडून कसा येतो ते पोरांना रंगवून सांगितलं गेलं, पण इथलं पाणी कुठून येतं आणि कुणाच्या हुकमाने चढतं-उतरतं, यावर चकार शब्द नाही. पावसाळ्यात आपण रोज वाचतो, नांदूर मध्यमेश्वरमधून इतके क्युसेक जायकवाडीकडे. हिवाळा आला की तेच नाव फक्त पक्ष्यांचं होतं. जशी काही दोन वेगळी गावं!

म्हणून सांगते, पुढच्या वेळी पाटकऱ्याला मंचावर बोलवा. शाल-श्रीफळ द्या, खुर्ची द्या, दहा मिनिटं बोलू द्या. रब्बीची आवर्तनं कधी, पातळी किती, कुठला काठ आधी उघडा पडतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि महोत्सवाची तारीख ठरवताना पाहुण्यांच्या डायरीआधी आवर्तनाचं वेळापत्रक उघडा. एका फोनचं काम आहे. ज्या पोरांनी काल थंडीत कुडकुडत टेलिस्कोपला डोळा लावून नुसतं निळं पाणी पाहिलं, त्यांना पुन्हा इथे कोण घेऊन येणार?

माझ्या लेकाचं म्हणाल तर तो खूश आहे. त्याला हळदी-कुंकू बदक दिसलं, चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी लाल, आणि हे नाव खरं आहे यावर त्याचा अजून विश्वास बसलेला नाही. आजीला विचारणार आहे.

आत्ता हे लिहीत असताना मामांचा फोन येऊन गेला. पाटकरी भेटला होता. पाणी येत्या रविवारी बंद होतंय, मंगळवारपर्यंत खालच्या अंगाचा काठ उघडा पडेल. मी मंगळवारची रजा टाकली आहे. गाडीत दोन जागा आहेत, स्वेटर आणा.