कट्ट्याला फासलेलं जळकं ऑइल

जळगावातल्या एका कॉलनीत ओपन स्पेसच्या कट्ट्याला आज कुणीतरी जळकं ऑइल फासलं. का, तर क्लास सुटल्यावर दहावीची पोरं तिथं टेकतात. एकाची शाळेची पॅन्ट कामातून गेली. घरी बोलणीही त्यालाच बसली असणार. डोकंच फिरलं भो!

जाणार कुठे ही पोरं? घरात दोन खोल्या. शाळा सुटली की गेटला कुलूप. टपरीवर मात्र कुणी हाकलत नाही, आणि तिथं पंधराव्या वर्षी हातात काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे.

जागा नाही म्हणू नका. ४००० चौरस मीटरच्या ले-आउटला १० टक्के, म्हणजे ४०० चौरस मीटर ओपन स्पेस सोडावी लागते. व्हॉलीबॉलचं मैदान १८ बाय ९ मीटर. चहूबाजूंनी ३-३ मीटर सोडले तरी ३६० होतात. बसतंय की! पण आपण तिथं सभागृह बांधतो आणि लग्नाला भाड्याने देतो.

बरं, मग तेच सभागृह रोज साडेपाच ते साडेआठ उघडा. दोन सतरंज्या, दोन कॅरम, बुद्धिबळाचे दोन पट. दिवा बोर्डाच्या बरोबर वर हवा, नाहीतर सावली पडते आणि भांडणं होतात. बोरिक पावडर आणि जादा स्ट्रायकर ठेवा, तो हरवतोच. मे महिन्यात कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी, नाहीतर खोली दमट होते आणि पोरं पळतात. वीजबिल मेंटेनन्समधून भरा. वर्गणी मागितली की गरिबाचं पोर पहिलं गळतं.

हे बंद पडतं ते किल्लीपायी. एकच किल्ली अध्यक्षांच्या खिशात, आणि ते गेले नाशिकला. चार दिवस कुलूप दिसलं की पोरं परत टपरीवर. किल्ल्या तीन करा, एक पोरांकडे. विशीतले दादा बोर्ड बळकावतात, म्हणून '१३ ते १८' दारावरच लिहा. कोपऱ्यात एक मोठं माणूस हवं, पेपर वाचणारं. 'किती टक्के पडले' विचारणारं नको.

मुलींचा तर कट्टाही नव्हता. आतून कडी लागणारा संडास, रस्त्यापर्यंत उजेड, आठवड्यात दोन दिवस फक्त त्यांचे. एकटी आलेली टिकत नाही, चौघींना एकदम बोलवा.

हो, पोरं कलकलाट करतात, गाड्या फिरवतात. मान्य. ऑइल फासणारे कुणी काका असतील तर तेही बीपीची गोळी घेऊन पडलेले असतील, झोप मोडली असेल. पण काका, ऑइल? अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने दैनिक लिहिणाऱ्या साने गुरुजींच्या फोटोला आपणच हार घालतो ना?

असो. कट्ट्यावर पाणी मारू नका, ऑइल पसरेल. लाकडाचा भुसा नाहीतर राख जाड थरात टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी झाडून घ्या, मग निरमा आणि तारेचा ब्रश. एका घासण्यात निघणार नाही, दोनदा करावं लागेल. भुसा सॉ मिलवर मिळतो.