चेंबरच्या काठावरच्या चपला

सकाळपासून तीनदा अंघोळ झाली, तरी तो वास नाकातून जात नाहीये. मी तर कशात हातही घातला नव्हता. नुसती उभी होते पार्किंगमध्ये, दहा फुटांवर, ओढणी नाकाला लावून.

झालं असं की परवा रात्री आमच्या तळमजल्यावरच्या आजींच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीतून, पाणी उलटं वर यायला लागलं. पाणी म्हणजे कसलं पाणी ते समजून घ्या. काल दिवसभर सोसायटीच्या ग्रुपवर नुसता धुरळा. 'टॅक्स कशाला भरतो आपण?' 'पालिका झोपा काढते का?' 'नगरसेवकाला फोन लावा.' सगळ्यात जास्त राग चौथ्या मजल्याला आलेला. म्हणजे ज्यांच्याकडून सगळं छान खाली वाहून जात होतं त्यांना.

आज सकाळी प्लंबरने दोन माणसं पाठवली. बांबूच्या कामट्या, पहार, घमेलं, बादली. पार्किंगमधल्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उचललं, दीड तास कामट्या घालून बघितल्या. लाइन काही मोकळी होईना. मग कमिटीतल्या एका काकांनी खिशातून पाचशेची नोट काढली. "अरे, उतर ना जरा आत. दोन मिनिटांचं तर काम."

त्यातला जो लहान होता, असेल बावीस-तेवीसचा, त्याने शर्ट काढला. माझ्या स्कूटरच्या सीटवर ठेवायला गेला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उचलून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. आणि चपला काढून चेंबरच्या काठाशी नीट जोडीने लावून ठेवल्या. देवळाबाहेर ठेवतो ना आपण, तशा.

त्या चपला बघितल्या आणि मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण दुसऱ्या विंगमधली माणसं गॅलरीत आली म्हणजे बघा.

अरे, २०१३ चा कायदा आहे! सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायचं नाही. पालिकेने नाही, ठेकेदाराने नाही, सोसायटीनेही नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "तो स्वतःच तयार आहे की" ही पळवाट त्यात नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, २०२३ मध्ये तीस लाख. रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ काय ते तुम्हाला सांगायला नको. आणि आत कोण उतरतं, कुठल्या वस्तीतून येतं, पिढ्यान्‌पिढ्या तेच का येतं, हेही सांगायला नको.

काकांना वाटतं, आत फक्त घाण असते. घाण धुऊन जाते हो. आत गॅस असतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा, हवेपेक्षा जड, म्हणून तळाला साचून राहणारा. आणि प्रमाण वाढलं की त्याचा वास येणंच बंद होतं, नाक बधिर होतं. खालच्याला वाटतं, चला, वास गेला. तोवर तो बेशुद्ध होऊन खाली कोसळलेला असतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेपरात एकाच टाकीत तिघे गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा. आमच्याकडे दोघंच होते. दोन जोड चपला.

शेवटी जेटिंग मशीनची, म्हणजे जोरात पाणी मारून लाइन मोकळी करणारी, गाडी मागवली. साडेचार हजार रुपये. पंचेचाळीस फ्लॅट, म्हणजे घरटी शंभर रुपये. शंभर! आणि पंचवीस मिनिटांत लाइन मोकळी.

आता मजा ऐका. घमेल्यात काय काय निघालं? सॅनिटरी पॅड, ढीगभर. बाळांचे वाइप्स, दोरीसारखे पीळ बसलेले. एक छोटा मोजा. चहापत्ती. आणि फुटबॉलएवढा पांढुरका गोळा, साबणासारखा गुळगुळीत. गाडीवाल्याने तो पहारीने उलटवला आणि म्हणाला, "ताई, हे बघा तुमचं तूप."

तूप नव्हे, तेल. आणि त्यातलं थोडं माझंही आहे, लपवून काय करू. दर दिवाळीत चकल्या तळून झाल्या की उरलेलं काळं तेल मी सिंकमध्ये ओततेय, वर पातेलंभर कढत पाणी. माझी समजूत अशी की कढत पाण्याने सगळं वितळून 'जातं'. जातं की! पहिल्या वळणापर्यंत. तिथे गार होऊन पाइपला चिकटतं, साबण आणि पाण्यातला चुना मिळून त्याचा दगड होतो, आणि त्या दगडाला वाइप्स येऊन अडकतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये असला २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा सापडला होता. आम्ही अजून फुटबॉलवरच आहोत.

आणि हे 'पुढे जातं' म्हणजे नक्की कुठे जातं, याचा आपण कधी विचार तरी करतो का? ड्रेनेजला पंप ढकलतो असं मला कालपर्यंत वाटायचं. पंप असतात, पण फार पुढे. आपल्या दारातून सगळं नुसत्या उतारावर वाहतं. सेकंदाला साधारण दोन फूट वेग राहिला तर गाळ आपोआप पुढे सरकतो, वेग कमी झाला की तिथेच बसतो. बस्स, एवढ्यावर चाललंय सगळं. माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा हिशेब धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत जातं. मुंबईत हे सगळं सात विभागांत गोळा होतं, आणि वरळी-वांद्र्याला तर समुद्राखालून तीन किलोमीटरहून लांब बोगद्यातून आत नेऊन सोडतात. एवढा पसारा, आणि तो अडतो कशावर? मोज्यावर.

हो, पालिका काही धुतल्या तांदळासारखी नाही. रस्त्यातली मेन लाइन तुंबली तर आपण आत कितीही साफ ठेवा, उपयोग शून्य. मान्य. पण आज तुंबलं होतं ते आपल्या कंपाउंडच्या आत. शेवटच्या चेंबरपर्यंतची लाइन सोसायटीची, त्यापुढची पालिकेची. इतकं साधं आहे, आणि पंचेचाळीस घरांत एकालाही माहीत नव्हतं. मलाही नाही. आमचा शेवटचा चेंबर तर कुणाच्या तरी तुळशी वृंदावनाखाली निघाला! वर्षातून एकदा, मे महिन्यात, मशीन लावून लाइन साफ करून घ्यायची. ते नाही. लॉबीत इटालियन मार्बल मात्र हवा.

गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजला जोडणारे थोर लोकही आहेत आमच्यात. पावसाची लाइन वेगळी असते हो, मैल्याची वेगळी. जोडलं की पहिल्याच मोठ्या पावसात चेंबर उसळतात, मग कुणीतरी शहाणा झाकणच उघडून ठेवतो. २०१७ च्या २९ ऑगस्टला मुंबईत एक नामांकित डॉक्टर असल्याच उघड्या मॅनहोलमध्ये गेले. दोन दिवसांनी वरळीला सापडले. पाणी ओसरावं म्हणूनच उघडलं होतं ते झाकण.

जाऊ दे. फार चढला आवाज. अर्ध्या तासापूर्वी काका भेटले लिफ्टमध्ये. वाईट माणूस नाही हो. परवा रात्री दोन वाजता आजींच्या बाथरूममध्ये पायजमा दुमडून फरशी तेच पुसत होते, बाकी छत्तीस जण ग्रुपवर टाइप करत होते. मीही त्यातलीच. त्यांना फक्त ते लवकर संपवायचं होतं. आज चहाही त्यांनीच मागवला. आम्हाला कपबशीत, त्या दोघांना कागदी कपात. ते माझ्याही आता लक्षात येतंय, तेव्हा मी मुकाट्याने प्यायले.

आणि एक राहिलं. मी ओरडले तेव्हा सगळे गप्प झाले. तो मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, मग ते पाचशे?"

मी दिले. त्याने घेतले, भिंतीवरचा शर्ट झटकून घातला, चपला पायात सरकवल्या. थँक्यू वगैरे काही नाही, आणि का म्हणावं? जाताना मोठा त्याला म्हणत होता, "चल, अकराला दुसरीकडे जायचंय." तिथे ओरडायला कोण होतं, मला माहीत नाही.

आजींचं बाथरूम फिनाइल टाकून धुतलंय. रविवारी दहाला मीटिंग आहे, मे महिन्याच्या मशीनचा विषय मी मांडणार आहे. आपल्या बिल्डिंगमधले जे कुणी हे वाचतायत त्यांनी या. आणि पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायला पोरींना सांगा, पोरांनाही सांगा. तेलाचा डबा मी ओट्याखाली ठेवलाय, तुमचं उरलेलं आणून ओता त्यात.