हा मटका नाही हो, मामा!

लेस्टरला छोटंसं बेटिंग शॉप, म्हणजे पैजा लावायचं दुकान काढतोय, तर दर रविवारी साताऱ्याहून मामांचा फोन: "काय रे, मटक्याचा अड्डा सुरू झाला का?" डोकं फिरतं! अहो मामा, इंग्लंडात ही दुकानं १ मे १९६१ पासून कायदेशीर आहेत. जुगारावर देखरेख करणाऱ्या सरकारी गॅम्बलिंग कमिशनचा परवाना वेगळा, जागेचा परवाना काउन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, वेगळा. अर्जाची नोटीस २८ दिवस दुकानावर लावायची. पावसाने तिचे कोपरे सुटायचे, मी रोज सकाळी चिकटपट्टी घेऊन हजर! मटकेवाला कधी 'हरकत असेल तर कळवा' असा कागद दारावर लावतो का?

अठराच्या आतलं पोर आत घ्यायचं नाही. ज्याला स्वतःलाच थांबायचंय, त्याचं नाव नोंदवून त्याची पैज नाकारायची. दुकानातल्या जुगाराच्या मशीनवर पूर्वी एका खेळीला १०० पौंड लावता यायचे, २०१९ पासून फक्त २. बरंच झालं, घरं धुऊन निघत होती.

बँकेचंही मामांसारखंच. कागद बघायच्या आधीच, धंद्याचं नाव ऐकून खातं नाकारलं. दोनदा!

आणि परवा आत्या विचारते, "पोलिसांना कळलं तर रे?" अगं आत्या, अर्जाची प्रत मीच दिलीय त्यांना!