मूत्रपिंडदान, बिंबलाचा रस आणि आईच्या फोनवर आलेला संदेश

गेल्या पंधरवड्यापासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरतो आहे आणि देवगडजवळच्या आमच्या गावी तो माझ्या ७२ वर्षांच्या आईपर्यंत पोहोचला आहे. त्याचे म्हणणे असे: मूत्रपिंड देणारा माणूस पाच वर्षांत स्वतःच डायलिसिसवर जातो, मूत्रपिंड दिलेल्या बाईला मूल होत नाही, बसवलेले मूत्रपिंड टिकत नाही आणि हा सगळा मोठ्या रुग्णालयांचा धंदा आहे, त्याऐवजी रोज सकाळी दोन शहाळी आणि पेलाभर बिंबल-करमळ या आंबट फळांचा रस घेतला, तर तीन महिन्यांत डायलिसिस सुटते. माझा धाकटा भाऊ दीड वर्षापासून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घेतो आहे. भावजयेचा रक्तगट जुळत नाही, मला मधुमेहामुळे पहिल्याच तपासणीत नाकारले, आणि ४७ वर्षांची आमची ताई स्वतःहून पुढे आली. संदेश वाचल्यापासून आई एकच वाक्य बोलते आहे, "झिलाक वाचवताना चेडवाक घालवूचा नाय माका," म्हणजे मुलाला वाचवताना मुलीला गमवायचे नाही मला. आईने घाबरू नये असे मी म्हणणार नाही, पण तिची भीती खोट्या माहितीवर पोसली जाते, हे मला सहन होत नाही.

सर्वांत घातक मुद्दा शेवटचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची रीत आहे आणि निरोगी मूत्रपिंडांच्या माणसाला त्याने अपाय होत नाही. परंतु शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. मूत्रपिंडे चालत असली की जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. ती बंद पडली की दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते रक्तात साठत राहते. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभरात जेमतेम दोन-तीन हजार मिलिग्रॅमची मुभा असते, आणि दोन शहाळ्यांतून त्यातले हजाराहून अधिक सकाळीच पोटात जाते. पोटॅशियम वाढल्याचे पुष्कळदा जाणवतही नाही. हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. शिवाय अशा रुग्णाला दिवसभराचे पाणीही मोजून प्यावे लागते, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

बिंबल-करमळांचे त्याहून वाईट आहे. माशाच्या कालवणात दोन-चार बिंबले घालणे वेगळे आणि पेलाभर कच्चा रस पिणे वेगळे, कारण या फळांत ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य भरपूर असते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. केरळमधील डॉक्टरांनी २०१३ मध्ये अशा १० जणांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांनी कोलेस्टेरॉल कमी व्हावे म्हणून बिंबलाचा ताजा रस घेतला आणि ज्यांची मूत्रपिंडे अचानक बंद पडली. त्यांपैकी सात जणांना डायलिसिस करावे लागले. ज्या रसाने माणसे डायलिसिसवर गेली, त्याच रसाने डायलिसिस सुटेल असे हा संदेश सांगतो. करमळ, म्हणजे आडवे कापले की चांदणीसारखे दिसणारे ते आंबट फळ, त्यात तर मज्जासंस्थेवर परिणाम करणारे कॅरॅम्बॉक्सिन नावाचे विषही असते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या शरीरातून ते बाहेर पडत नाही. न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, झटके आणि मृत्यूसुद्धा अशा रुग्णांत नोंदवला गेला आहे. हा रस माझ्या भावासाठी एका शेजाऱ्याने प्रेमाने काढून आणला होता. भावजयेने तो ओतून दिला, म्हणून आज मी हे शांतपणे लिहू शकतो.

आता दात्याविषयी. 'पाच वर्षांत डायलिसिस' हे धादांत खोटे आहे, पण 'काहीच धोका नाही' असे सांगणारेही खरे बोलत नाहीत, हे मला मान्य करावे लागते. अमेरिकेतील ९६,२१७ दात्यांचा अभ्यास २०१४ मध्ये तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या १५ वर्षांत दर १० हजार दात्यांमागे सुमारे ३१ जणांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली. तितक्याच निरोगी, पण मूत्रपिंड न दिलेल्या लोकांत हे प्रमाण सुमारे चार होते. म्हणजे धोका वाढतो. तरीही दात्यांचा आयुष्यभराचा अंदाजित धोका दर १० हजारांत ९० निघाला आणि तपासणी न झालेल्या सर्वसाधारण जनतेचा ३२६, कारण दाता मुळात पारखून निवडलेला असतो. मला नाकारले ते याच कारणाने. उरलेले मूत्रपिंड हळूहळू जास्त काम करू लागते आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या मिळून असलेल्या क्षमतेच्या सुमारे ७० टक्के भार एकटे उचलते. मात्र रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने दर वर्षी तपासावी लागतात, आणि ताईने हे आंब्याच्या मोसमातही चुकवता कामा नये.

मूल न होण्याची गोष्ट निराधार आहे. दात्या स्त्रियांना गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा त्रास अधिक होतो, ११ टक्के विरुद्ध पाच टक्के, असे कॅनडातील एका अभ्यासात दिसले. ताईची मुले मोठी झाली आहेत, पण तरुण दात्यांना हे आधी सांगितले पाहिजे. मूत्रपिंड 'टिकत नाही' हेही अर्धसत्य आहे: ते कायमचे नसते, पण जिवंत दात्याचे मूत्रपिंड औषधे न चुकवल्यास बहुधा अनेक वर्षे चालते. धंद्याचे म्हणाल, तर मूत्रपिंडांची खरेदी-विक्री आपल्या देशात झाली आहे, हे नाकारता येत नाही. त्यासाठीच १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला आणि २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा १० वर्षांपर्यंत वाढली.

एक प्रश्न मात्र संदेशात नाही, आणि घरात तो विचारायलाच हवा होता. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. मग ताईचा होकार खरोखर तिचाच आहे का? याच कायद्याखालचे २०१४ चे नियम सांगतात की दाता स्त्री असेल, तर तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. मी ताईला एकटीला गाठून विचारले, आणि अगदी शस्त्रक्रियेच्या दिवशी नकार दिलास तरी घरात कोणी शब्द काढणार नाही, असे वचन दिले. तिने मला उलट विचारले की आईला हे कोण समजावणार. पुढच्या तपासणीला आई आमच्याबरोबर येणार आहे. तिचे सहा प्रश्न तिने नातीकडून कागदावर उतरवून घेतले आहेत आणि ते ती डॉक्टरांना स्वतः विचारणार आहे.