स्पॅमला कंटाळून जुना मेल आयडी टाकून देऊ नका

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला: सोसायटीच्या, माहेरच्या आणि निवृत्त शिक्षकांच्या. 'स्पॅम मेलपासून वाचा' असा मथळा आणि खाली सहा सूचना. नको असलेला मेल नुसता उघडला तरी खातं हॅक होतं. अनसबस्क्राइब (यादीतून नाव काढण्याचं बटण) कधीही दाबू नका. आलेला प्रत्येक पत्ता ब्लॉक करा. १९०९ वर तक्रार करा. स्पॅम फोल्डर न बघता रोज रिकामा करा. आणि एवढं करूनही थांबलं नाही तर जुना मेल आयडी सोडून नवा काढा.

सोसायटीतल्या ज्येष्ठांना मोबाइल आणि मेल शिकवायला मी जाते, त्यामुळे या सूचना पाळल्यावर काय होतं ते जवळून पाहिलं आहे. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना आपल्या माणसांची काळजी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण सहापैकी एकही सूचना आहे तशी पाळावी अशी नाही, आणि शेवटची तर सरळ नुकसान करणारी आहे.

घोळ सुरुवातीलाच आहे. नको असलेला सगळा मेल या मेसेजने एकाच माळेत ओवला आहे. कपड्यांच्या दुकानात बिल करताना आपणच मेल आयडी सांगितलेला असतो, मग सणासुदीला त्यांचे मेल येत राहतात. त्रास आहे, पण त्या दुकानाला नावगाव आहे. 'तुमचा आयकर परतावा अडकला आहे, इथे खाते क्रमांक भरा' असं लिहिणारा चोर आहे. दोघांना एकच औषध चालत नाही.

मेल उघडण्याची भीती आधी घेऊ. आमच्याकडचे एक काका असा मेल चुकून उघडला म्हणून रात्रभर फोन बंद करून बसले होते. मेलचं अ‍ॅप अद्ययावत असेल तर नुसता मजकूर वाचून खातं कुणाच्या हातात जात नाही. फार तर मेलमध्ये दडवलेल्या एका बारीकशा चित्रावरून तो उघडला गेल्याचं पाठवणाऱ्याला कळतं. जीमेल २०१३ पासून अशी चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, आणि 'चित्रं दाखवण्याआधी विचारा' अशी सोय सेटिंगमध्ये आहे. खरा धोका पुढे असतो: लिंक दाबणं, जोडलेली फाइल उघडणं, पासवर्ड किंवा ओटीपी देणं. भीती उघडण्याचीच बसली की माणसं बँकेचे खरे मेलही उघडेनाशी होतात.

अनसबस्क्राइबबद्दलची सूचना अर्धी खरी आहे, म्हणूनच ती इतकी पसरते. चोराच्या मेलमधली लिंक दाबली तर हा पत्ता जिवंत आहे हे त्याला कळतं आणि ती लिंक कुठेही नेऊ शकते. तिथे काहीच दाबू नये, फक्त 'रिपोर्ट स्पॅम' करावं. पण ओळखीच्या दुकानाचा मेल असेल तर वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेलच अनसबस्क्राइबचं बटण दाखवतं. ते वापरा. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४ च्या फेब्रुवारीपासून बंधन घातलं आहे: जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढण्याची सोय हवी आणि विनंती दोन दिवसांत पाळायला हवी. याहू मेलनेही त्याच वेळी तसाच नियम आणला. शिवाय अशा कंपन्यांविरुद्धच्या स्पॅम तक्रारी हजारी तीनच्या खाली राहाव्या लागतात, नाहीतर त्यांचे मेल पोहोचणं अवघड होतं. तेव्हा विनंती करूनही मेल येत राहिले तर तुमच्या 'रिपोर्ट स्पॅम'ला वजन आहे. आता जीमेलमध्ये 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' म्हणून सगळ्या याद्या एकत्र दाखवणारं पानही आहे. एका आजींबरोबर बसून अर्ध्या तासात चाळीसेक नावं काढली होती.

ब्लॉक करणं दुकानासाठी ठीक आहे. चोर रोज नवा पत्ता वापरतो, आज अडवलेला पत्ता तो उद्या वापरणारच नाही. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो, तसंच मेलचं आहे. म्हणूनच कधी कधी तुमच्याच पत्त्यावरून तुम्हाला मेल आल्यासारखा दिसतो: 'तुमचा कॅमेरा माझ्या ताब्यात आहे, बिटकॉइन पाठवा'. सोबत तुमचा जुना पासवर्डही लिहिलेला असतो. तो बहुतेकदा कुठल्या तरी साइटवरून पूर्वी फुटलेल्या यादीतला असतो. तो पासवर्ड अजून कुठे चालू असेल तर लगेच बदला. पैसे पाठवू नका, उत्तरही देऊ नका.

१९०९ हा क्रमांक नको असलेले कॉल आणि एसएमएस यांच्यासाठी आहे, मेल त्यात येत नाही. अमेरिकेत २००३ पासून जाहिरातीच्या मेलसाठी वेगळा कायदा आहे, आपल्याकडे तसा नाही. फसवणुकीत पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

स्पॅम फोल्डर रिकामा करायची गरजच नाही, जीमेल ३० दिवसांनी तो मेल आपोआप काढून टाकतं. उलट आठवड्यातून एकदा त्यात डोकावा. खरा मेल चुकून तिथे पडलेला असतो. तो 'स्पॅम नाही' म्हणून बाहेर काढा.

आता नवा आयडी काढण्याबद्दल. आमच्या मजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांनी वैतागून हेच केलं. नवा पत्ता मुलांना, मित्रांना कळवला, पण आरोग्य विम्याच्या कंपनीला कळवायचं राहून गेलं. नूतनीकरणाचे मेल जुन्या आयडीवर जात राहिले. एसएमएसही आले असतील, जाहिरातींच्या गर्दीत ते त्यांना दिसले नाहीत. हप्त्याची तारीख गेली, सवलतीचे दिवसही गेले. एकाहत्तराव्या वर्षी नवी पॉलिसी घ्यावी लागली आणि रक्तदाब, मधुमेह यांच्यासाठीचा प्रतीक्षा काळ (ज्यात या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही) पहिल्यापासून सुरू झाला. ते हे सांगत होते तेव्हा त्यांच्या पत्नी शेजारी गप्प बसून होत्या. तो मेसेज बघितला की मला अजून राग येतो तो यासाठी.

जुना आयडी बँक, पॅन, पीएफ, म्युच्युअल फंड, डिजिलॉकर अशा कितीतरी ठिकाणी जोडलेला असतो. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, हे धोरण २०२३ मध्ये आलं. आणि नवा आयडी पुन्हा प्रत्येक काउंटरवर सांगितला तर वर्षभरात तिथेही तीच गर्दी होते. त्यापेक्षा उलट करा. जुना आयडी महत्त्वाच्या कामांसाठी ठेवा आणि दुकानांसाठी दुसरा काढा. किंवा जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह (+) देऊन दुकानाचं नाव जोडा. मेल तुमच्याच खात्यात येतो, आणि त्या पत्त्यावर उद्या भलत्याच कुणाचा मेल आला तर पत्ता कुठून फुटला ते कळतं. काही साइट असं चिन्ह घेत नाहीत, तिथे दुसरा आयडी द्या.

विमा हुकलेल्या त्या गृहस्थांच्या जुन्या खात्याचा पासवर्ड डायरीच्या मागच्या पानावर सापडला. आत शिरलो तेव्हा विमा कंपनीचे तीन मेल तसेच, न उघडलेले होते. नंतर दोन संध्याकाळी बसून आम्ही एकेका ठिकाणी नवा पत्ता नोंदवला आणि जुन्या खात्यावरचे मेल नव्याकडे वळवले. आता पेन्शन जमा झाली का ते बघायला दर महिन्याला ते बँकेत पासबुक भरायला जातात, आणि घरी आल्यावर जुनं खातंही उघडून बघतात.